खूण काही रंगेना

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका मित्रांनो. माझा पंखा सुरू झाला की बाहेर पायरीवर बसलेली माणसं कुणाचा ट्रॅक्टर आला म्हणून वळून बघतात. फुलसावंगीच्या बुद्धविहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिथं खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मला डोळे आहेत, कान आहेत, पोटात जागाही बऱ्यापैकी आहे. तोंड तेवढं नाही. पडदा आहे म्हणता? अहो, त्या पडद्यावर मला माझ्या मनातलं एक अक्षर लिहिता येत नाही. माणसं सांगतील तेच दाखवायचं. आणि माणसं काय सांगतील याचा काही नेम नसतो.

नागपूरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. तिथून टेम्पोत बसून मी एका कापूस खरेदी केंद्राच्या कचेरीत आलो. हंगामात दारापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. माझ्या पावत्या निघाल्याशिवाय एक गाडी हलायची नाही. मोठे साहेब यायचे, माझ्या डोक्यावर थाप मारायचे, "हा आहे म्हणून चाललंय," असं म्हणायचे. मला फुगायला तेवढं पुरायचं. तिथली कापसाची रुई माझ्या पंख्यात जी शिरली ती आजतागायत निघालेली नाही. श्रावणराव नावाचे कारकून माझ्यासमोर बसत. टापटिपीचे, शिस्तीचे, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, जरा हट्टीच.

पुढं केंद्र बंद पडलं. मला गोदामात टाकलं. दोन पावसाळे मी उंदरांच्या शेजारात काढले. माझ्या तारेवर त्यांनी दात घासले. कुणी विचारलं नाही, की बाबा, आहेस का मेलास. शेवटी श्रावणराव निवृत्त झाले तेव्हा अर्ज-विनंत्या करून त्यांनी मला सोडवलं. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, ऑटोतून इथं आणलं. त्यांचे हे उपकार मी मानतो. म्हणूनच पुढं जे घडलं त्याचा मला जास्त राग येतो.

अभ्यासिकेत मी पुन्हा कामाचा झालो. पोरं-पोरी परीक्षेचे फॉर्म भरायची, निकाल बघायची. श्रावणरावांची मुलगी पायल तर माझ्यापुढून उठायचीच नाही. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं उघडून दाखवणारा गडी. तिनं त्याला एक जोडकाम लावलं. त्याला ॲड-ऑन म्हणतात. त्याचं काम एकच. पानावरचा व्हिडिओ ओढून माझ्या पोटात आणून ठेवायचा. मग नेट असो-नसो, व्हिडिओ आपला. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात त्याची एक बारीक खूण होती, खाली तोंड केलेला बाण. एरवी ती राखेसारखी राखाडी असायची आणि व्हिडिओ हाती लागला की हिरवी व्हायची. पायलनं त्याच्या जोरावर जयंतीची सगळी गाणी उतरवली होती.

मग पायलचं लग्न झालं आणि ती कळंबला गेली. जाताना अभ्यासिकेच्या वहीत तिनं नीट अक्षरात लिहून ठेवलं: "एक, व्हिडिओचे पान उघडणे. दोन, वरची खूण हिरवी झाली की तिच्यावर दाबणे. तीन, नावांची यादी येईल, सर्वात वरचे नाव दाबणे. चार, उतरलेली फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकणे." खाली जय भीम. वाचायला किती सोपं! पण व्हिडिओ चालू केल्याशिवाय ती खूण हिरवी होत नाही, हे पोरीनं लिहिलंच नाही. लिहील कशी? ती पान उघडायची आणि गाणं सुरू करायची. तिला ते श्वास घेण्यासारखं होतं. श्वास घ्या, असं कोण लिहून ठेवतं?

पायल गेल्यावर श्रावणरावांनी माझा कारभार हाती घेतला. अभ्यासिकेचं नेट एका डोंगलवर चालायचं. वर्गणीतून त्यात महिन्याचा पॅक टाकायचा. कुणीतरी दोन दिवस सिनेमे पाहिले आणि पॅक संपला. ऐन फॉर्मच्या शेवटच्या तारखेला पोरं बोंबलत राहिली. तेव्हा श्रावणरावांनी माझ्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला, "व्हिडिओ पाहू नये." आणि मित्रांनो, हा नियम गावानं पाळला. एखादं पान उघडलं आणि त्यावर व्हिडिओ दिसला की पोरं चटका बसल्यासारखा हात मागं घ्यायची.

आता प्रभावतीचं सांगतो. ती आमच्या गावची आशा. घरोघरी फिरून बाळंतिणींची, तापाची, गोळ्यांची काळजी घेणारी. वय पन्नाशीच्या आसपास, पायात झिजलेली चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. गावाबाहेर टेकडीवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तोही तिच्याकडेच. सन दोन हजार सतराचा पावसाळा होता तो. बोंडअळीनं जिल्ह्याला घाम फोडला होता. पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर वाढलेली, आत वारा नाही, आणि अळी जात नाही म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारत होते. नवे चायना पंप आले होते. त्यांचा फवारा उंच उडतो आणि मारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. रोज कुठून ना कुठून फवारणीवाला दवाखान्यात गेल्याची बातमी यायची.

तांड्यावरचा अमरसिंग रोजानं फवारणी करायचा. उंचापुरा, हसरा, अंगात बनियन आणि तोंडावर काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्याचे डोळे लालबुंद झाले होते. प्रभावतीनं त्याला परोपरीनं समजावलं. तो म्हणाला, तोंडाले कपडा बांधला त जीव घुसमटते, ताई. तिनं फारच लावून धरलं तेव्हा त्यानं एक गोष्ट कबूल केली. त्याच्या घरी टीव्ही होता, पेनड्राइव्ह लावायची सोय असलेला. गाण्यांसाठी घेतलेला. तो म्हणाला, "टीव्हीवर दाखव. डॉक्टरनं सांगतलं असन त मी ऐकतो. शनिवारी मीच सारा तांडा गोळा करतो." सोमवारी त्याला एका मोठ्या शेतात फवारणीला जायचं होतं. त्याच्या आत त्याला दाखवायचं, एवढं एकच प्रभावतीच्या मनात होतं.

तालुक्याच्या प्रशिक्षणात तिनं तसा व्हिडिओ पाहिला होता. एक डॉक्टरबाई साध्या मराठीत सांगत होत्या. फवारताना काय घालायचं, वारा कुठून घ्यायचा, विषबाधा झालीच तर पहिल्यांदा काय करायचं. नऊ मिनिटांचा. नेटवर आहे, काढून घ्या, असं म्हणून प्रशिक्षणवाले मोकळे झाले. तांड्यावर रेंजचा एक दांडा येत नाही. म्हणजे काढूनच न्यायला हवा. म्हणून गुरुवारी दुपारी प्रभावती पिशवी सावरत माझ्यासमोर येऊन बसली. तिनं मला हात जोडले. आजवर मला कुणी हात जोडले नव्हते.

पत्ता टाइप करायलाच अर्धा तास गेला. एकेक कळ शोधायची, दाबायची, मग पडद्याकडे बघायचं, की बाई उमटलं का. मला घाई नव्हती, उलट कौतुक वाटत होतं. पान उघडलं. डॉक्टरबाईंचं चित्र आणि त्यावर पांढरा त्रिकोण. त्या त्रिकोणावर दाबलं की व्हिडिओ सुरू होणार. प्रभावतीनं वही उघडली, बोट ठेवून वाचलं. पान उघडणे, उघडलं. खूण हिरवी झाली की... तिनं वर पाहिलं. राखाडी. ती थांबली. चूल पेटायची वाट बघावी तशी ती त्या खुणेकडे बघत बसली, आणि खूण काही रंगेना.

दाब ना बाई तो त्रिकोण, मी मनातल्या मनात म्हणत होतो. समोर आहे, नाकासमोर आहे! एकदा तिचा हात तिकडे गेलाही. पण शेजारी उभे असलेले श्रावणराव खाकरले आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिनं विचारलं, की पाहिल्याशिवाय काढता येते का? त्यांनी कारकुनी थाटात हिशोब सांगितला. पाहिला तर एकदा पॅक जाते, काढला तर पुन्हा एकदा जाते. कायले डबल? पाहायचं नाही, नुसता काढायचा. प्रभावतीला ते पटलं. पोरांच्या फॉर्मचं नेट आपण कशाला खावं, असं तिला वाटलं. तिचा प्रामाणिकपणाच आडवा आला, मित्रांनो. एखादी लबाड बाई असती तर दोन मिनिटांत काम करून गेली असती.

त्या दिवशी तिनं आणखी एक उद्योग केला. पानाच्या कडेला जाहिरातीचं एक टपोरं हिरवं बटण होतं, डाउनलोड लिहिलेलं. हिरवं दिसलं म्हणून तिनं ते दाबलं. झालं! माझ्या पडद्यावर धडाधड खिडक्या उघडल्या, कुणी बक्षीस लागल्याचं सांगतंय, कुणी माझ्यात विषाणू आहेत म्हणून घाबरवतंय. माझा पंखा घरघरायला लागला. दोघं मिळून त्या खिडक्या बंद करता करता पाच वाजले आणि वीज गेली.

शुक्रवारी सकाळी लसीकरण आटोपून ती पुन्हा हजर. पुन्हा पान, पुन्हा वही, पुन्हा राखाडी. शेवटी श्रावणरावांनी कळंबला पायलला फोन लावून तिच्या हातात दिला. पायल स्वयंपाकात होती. पान उघडलं का काकू? उघडलं. खूण रंगली का? नाही रंगली. मग नेट कमी असन, थोडं थांबा. इतकंच बोलणं. व्हिडिओ चालू आहे का, हे पायलनं विचारलं नाही, कारण तो चालू नसेल हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. आणि चालू केला नाही हे प्रभावतीनं सांगितलं नाही, कारण तो चालू करायचा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. दोघींच्या मधे मी बसलेलो. उत्तर माझ्या पोटात, आणि मला तोंड नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. त्या दिवशी माझं डोकं इतकं तापलं की मी दोनदा आपोआप बंद पडलो. श्रावणराव म्हणाले, मशीन जुनं झालं. मशीन जुनं झालं म्हणे!

शनिवारी श्रावणरावांना युक्ती सुचली. कचेरीत ते कागद 'सेव्ह' करायचे. म्हणाले, सारं सेव्ह कर, पान बी येते अन् व्हिडिओ बी येते. त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि पान सेव्ह केलं. फोल्डर उघडलं तर डॉक्टरबाईंचं चित्र, त्यावर त्रिकोण. आला! श्रावणरावांची छाती फुगली. एकदा, फक्त एकदा, त्यांनी तो त्रिकोण दाबून पाहिला असता तर कळलं असतं की आत काही नाही, नुसतं चित्र आहे. पण व्हिडिओ पाहायचा नाही ना! नियम म्हणजे नियम. प्रभावतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आनंदानं. तिनं पेनड्राइव्ह रुमालात बांधला, पदराच्या गाठीत अडकवला, आणि तिन्हीसांजेच्या आत पोचायचं म्हणून झपाझप निघाली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिलो. इतकं हताश मला गोदामातही वाटलं नव्हतं.

तांड्यावर काय झालं ते तिनं रविवारी सकाळी श्रावणरावांना सांगितलं, तेव्हा मला कळलं. अमरसिंगनं शब्द पाळला होता. त्यानं घरोघरी जाऊन माणसं आणली होती. म्हातारे बापूजी, लेकुरवाळ्या बाया, शेतावरून आलेले गडी, अंगणात सतरंज्या टाकून सगळे बसले. टीव्ही बाहेर ओट्यावर आणून ठेवला होता. पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर डॉक्टरबाईंचा फोटो आला. छोटासा. सगळे थांबले. फोटो हलेना, बोलेना. अमरसिंगनं रिमोटची सगळी बटणं दाबली. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बापूजी उठून गेले. अमरसिंगचं तोंड उतरलं. तो तिला एवढंच म्हणाला, "ताई, फोटोले कोन भेते? मी लोक जमा केले, माहीच इज्जत गेली." आणि घरात निघून गेला.

हे सांगताना प्रभावती रडली नाही. विहारात वंदना चालू होती, श्रावणराव तिकडे गेले, आणि ती एकटी माझ्यासमोर बसली. ओठ घट्ट मिटलेले. तिनं पिशवीतून कोरी वही काढली आणि पेनचं टोपण दातानं ओढलं. मला तिचा विचार कळला. व्हिडिओ येत नाही तर नाही, आपण तो शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा, पाठ करायचा आणि तांड्यावर तोंडानं सांगायचा. तिनं पान उघडलं. भिंतीवरच्या कागदाकडे एकदा पाहिलं. मग नजर खाली घेतली आणि त्रिकोण दाबला.

डॉक्टरबाई बोलू लागल्या. आणि वर, कोपऱ्यात, माझी खूण हिरवीगार झाली!

मित्रांनो, चौथ्या दिवशी झाली. आणि प्रभावती काय करत होती? खाली मान घालून लिहीत होती. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचा, लिहायचं, पुन्हा चालू करायचा. खूण रंगून बसलेली, आणि बाई वर बघायला तयार नाही. वर बघ, वर बघ, अगं माझे आई, वर बघ! पंख्याशिवाय माझ्याकडे आवाज नाही. मी तो होता नव्हता तेवढा जोरात फिरवला. तिनं काय केलं असेल? माझ्या पाठीवर एक चापट मारली आणि पुन्हा लिहायला लागली.

व्हिडिओचा आवाज खिडकीतून विहारात गेला. वंदना संपताच श्रावणराव तावातावानं आत आले. नियम कुणासाठी आहे, पोरांचा फॉर्म मंगळवारी आहे, मोठ्या माणसानंच असं केलं तर, असं बरंच काही बोलले. प्रभावती ऐकत होती. आयुष्यात तिनं कुणापुढं आवाज चढवला नसेल. त्या दिवशीही चढवला नाही. पेन वहीत ठेवून ती म्हणाली, "श्रावणभाऊ, उद्या सकाळी तो मानूस उघड्या तोंडानं त्या पराटीत शिरून राह्यला. तो मेला त तुमचा पॅक घेऊन मी काय करू?"

श्रावणरावांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले. चार दिवसांत पहिल्यांदा बसले, नाही तर उभ्यानंच हुकूम. आणि बसल्यामुळं त्यांची नजर माझ्या पडद्याच्या बरोबर समोर आली. ते चष्मा सावरून पुढं वाकले. "प्रभा," ते हळूच म्हणाले, "हे हिरवं काहून झालं?"

दोघंही त्या खुणेकडे बघत राहिले. मग तिनं व्हिडिओच्या त्रिकोणाकडे पाहिलं, मग पुन्हा खुणेकडे, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. श्रावणरावांचा चेहरा तर पाहवत नव्हता. त्यांनी खूण दाबली, यादी आली, सर्वात वरचं नाव दाबलं. आकडा एकेक टक्का सरकायला लागला. ऐंशीला जाऊन अडकला तेव्हा दोघांनी श्वास धरला, मीही धरला. उतरला! डोंगल उपसून बाजूला ठेवला आणि श्रावणरावांनी फाइल चालू केली. डॉक्टरबाई नेटशिवाय बोलत होत्या. मग त्यांनी पेनड्राइव्ह भरला, तो दोनदा तपासला, आणि स्वतःच्या मोपेडवर प्रभावतीला बसवून तांड्याकडे घेऊन गेले.

इथं तुम्ही म्हणाल, की चला, गोष्ट संपली, गोड झाली. नाही झाली. आदल्या दिवशी साठ माणसं बसली होती, त्या दिवशी नऊ बाया आल्या. अमरसिंग आलाच नाही. तो पलीकडे बाजेवर पाठ करून पडून राहिला. प्रभावती त्याच्यापाशी गेली, विनवण्या केल्या. तो म्हणाला, झाली तेवढी शोभा बस्स झाली. त्याची बायको रुपीबाई मात्र टीव्हीच्या अगदी जवळ बसली. तिनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्यांदा काय करायचं, हा भाग आला तेव्हा तिनं तो मागं घ्यायला लावून तिसऱ्यांदा पाहिला.

सोमवारी अमरसिंग बनियनवर पराटीत शिरला. रुपीबाई त्याच शेतात पंपाला पाणी आणून देत होती. सकाळी निघताना तिनं आपली ओढणी त्याच्या तोंडाला बांधायला पुढं केली होती, त्यानं ती झिडकारली. दुपारी दोनच्या सुमारास तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसला आणि ओकायला लागला. डोळे उघडेनात, तोंडाला फेस, हात-पाय झटके देऊ लागले. माणसं धावली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, विष म्हटलं की ताक पाजा, तूप पाजा, मीठ-पाणी पाजून ओकवा. कुणीतरी ताकाचा गडवा आणलाही. रुपीबाईनं तो गडवा उपडा केला. तिनं अमरसिंगच्या अंगावरचे ओले कपडे फाडून काढले, लोक बघताहेत याची लाज धरली नाही. पंपासाठी आणलेलं स्वच्छ पाणी त्याच्या अंगावर, डोळ्यांत ओतलं, सोबत आणलेल्या साबणानं धुतलं, कुशीवर वळवलं. आणि औषधाच्या दोन्ही बाटल्या ओढणीच्या पदरात बांधून ती त्याच्याबरोबर गाडीत चढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध मारत होते. तिनं पदर सोडला आणि बाटल्या टेबलावर ठेवल्या.

अकरा दिवस तो मोठ्या दवाखान्यात होता. वाचला. प्रभावतीनं हे सगळं अभ्यासिकेत सांगितलं तेव्हा लोक रुपीबाईचं कौतुक करत होते, आणि श्रावणराव कोपऱ्यात बसून एकाच जागी बघत होते. काही वेळानं ते म्हणाले, "शनिवारी लागला असता त तो तोंड बांधून गेला असता." कुणी त्यांना, असं काही नसते म्हणून समजावलं. प्रभावतीनं समजावलं नाही. ते खरं होतं म्हणून. मीही त्यांच्यावर चिडलेलो होतो, पण त्या दिवशी माझी चीड कुठं ठेवावी ते मला कळेना. ज्यानं मला गोधडीत गुंडाळून आणलं, त्याचंच ते तोंड होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी अमरसिंग माझ्यासमोर आला. निम्मा झाला होता. काळा चष्मा, हातात काठी. प्रभावतीला म्हणाला, ते मले दाखव. तिनं व्हिडिओ लावला. त्यानं पूर्ण नऊ मिनिटं पाहिला, उजवा डोळा माझ्या पडद्याला लावून, कारण डाव्या डोळ्यानं त्याला धुकट दिसत होतं. धुण्याचा भाग आला तेव्हा त्यानं विचारलं, हेच रुपीनं केलं का? प्रभावती हो म्हणाली. तो म्हणाला, "पलीकडं आनखी चार तांडे हायेत. मले काढाले शिकव."

तिनं त्याला वही दिली नाही. कागदावर काही लिहून दिलं नाही. तिनं दुसरी खुर्ची ओढली, त्याला लागून बसली, त्याचा हात माउसवर ठेवला आणि म्हणाली, पह्यले चालू कर. तो चुकला, पुन्हा चुकला, भलतंच बटण दाबलं, माझ्या पडद्यावर पुन्हा त्या नतद्रष्ट खिडक्या उघडल्या. पण ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत त्याला यायला लागलं.

म्हणून सांगतो मित्रांनो. माझी धूळ तुम्ही पुसा, नका पुसू. पंख्यातली रुई काढा, नका काढू. माझे थोडे दिवस राहिलेत, मी ते असेच काढीन. पण तुम्हाला जे सहज येतं, ते दुसरं कुणी पहिल्यांदा करायला बसलं असेल, तर त्याला चार ओळी लिहून देऊन, फोनवर दोन शब्द टाकून किंवा उभ्यानं हुकूम सोडून निघून जाऊ नका. शेजारी बसा. त्याचं काम होईस्तोवर बसा. तुम्ही वाचवलेल्या त्या थोड्याशा वेळाचं धुकं अमरसिंगच्या डाव्या डोळ्यात अजून आहे, आणि डॉक्टर म्हणतात, ते आता जायचं नाही.